आमची वाटचाल: शनिवारी बंद

आमच्या पाटीवर 'वेलनेस' हा शब्द नाही. ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर पत्र्याची पाटी आहे, तिच्यावर तीनच ओळी: घरपोच नर्सिंग, सवयींचे वर्ग, शनिवारी बंद. तिसरी ओळ पुसून टाका असं सांगणाऱ्यांची गणती मी सोडून दिली आहे. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, सख्ख्या भावाने सांगितलं, आणि पुढे ज्याने आमच्याच ताटात हात घातला त्याने तर सगळ्यांत आधी सांगितलं. त्याच्याकडे येतेच.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण घाणा शनिवारी बंद. आमच्या घरचा घाणा मी पाहिलेला नाही, पण शनिवारी बैल सोडलेला असायचा हे आजीकडून शंभरदा ऐकलंय. बैलाला सुट्टी होती. नर्सला नव्हती.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात लागले. घरात डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव निघालं की सगळे सरसावून बसायचे. आपल्या समाजातली बाई, कामा हॉस्पिटलची प्रमुख झालेली, १९६६ ची पद्मश्री. त्यामुळे मुलगी नर्स झाली यात घरच्यांना कमीपणा वाटला नाही, उलट मिरवायला झालं. मला मिळाला पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. चाळीस खाटा, नाइटला दोन सिस्टर. या कामातल्या बायकांना पुढचं सांगायला नको. ड्युटीवर पाणी प्यायचं नाही, कारण प्यायलं तर जावं लागतं, आणि आपण गेलो तर सलाइन कोण बघणार? दुसऱ्यांच्या युरोबॅगा, म्हणजे लघवीच्या पिशव्या, रिकाम्या करून चार्टवर मिलिलिटर मांडायचे आणि स्वतः बारा तास दाबून धरायचं. सहाव्या वर्षी लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं. हुडहुडी भरून ताप, आणि मीच खाटेवर.

आजी भेटायला आली ती खाटेवर टेकली नाही, स्टूल ओढून पायाशी बसली. आजाऱ्याच्या उशाशी शेखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य असतं, तिथे आपण बसू नये, असं तालमुदात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मग्रंथात, आहे हे मला फार नंतर कळलं. तिला तालमूद ठाऊक नव्हता, बसायची रीत ठाऊक होती. मी बाथरूमला जाऊन आले तशी ती हलकेच म्हणाली, "म्हण आता." काय म्हणायचं ते पाठ होतं. 'अशेर यात्सार'. लहानपणी आम्ही भावंडं त्यावर खिदळायचो. संडासातून आल्यावर कुणी प्रार्थना करतं का? तिचा अर्थ साधारण असा: ज्याने शहाणपणाने माणूस घडवला, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या ठेवल्या, त्यातलं एक जरी फुटलं किंवा एक जरी बुजलं, तर तुझ्यापुढे घटकाभरही उभं राहता येणार नाही. चौथ्या शतकातल्या अबाये या गुरूच्या तोंडी ती तालमुदात येते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गुठळीने कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तुंबलेला म्हातारा ज्याने रात्री तीनला पाहिलाय, त्याला ही प्रार्थना समजावून सांगावी लागत नाही. मी असे कितीतरी कॅथेटर वॉशआउट देऊन मोकळे केले होते. स्वतःचा हिशेब मात्र कधी मांडला नव्हता.

माझी तब्येत सुधारली ती तिथून. ज्यूस पिऊन नाही, चटईवर बसूनही नाही. एकच नेम केला: लागली की जायचं, हात धुऊन बाहेर आल्यावर अर्धा मिनिट उभं राहायचं आणि ती ओळ म्हणायची. दिवसातून सहा-सात वेळा. वॉर्ड पेटलेला असला तरी अर्धा मिनिट कुणी मरत नाही (आणि मरत असेल तर प्रार्थना बाजूला ठेवून धावायचं, धर्मच तसं सांगतो). जायची भीती गेली तसं पाणी वाढलं, पाणी वाढलं तसा चहा कमी झाला, चहा कमी झाला तशी झोप आली. पुढे वाचायला लागले तेव्हा रामबाम, म्हणजे ज्यू गुरू मायमोनिडीस, भेटले, कैरोत वैद्यकी करणारे आणि १२०४ साली वारलेले. पोट भरेपर्यंत जेवू नका, चौथा हिस्सा रिकामा ठेवा, असं ते लिहून गेलेत. आमच्याकडे हेच सासवा सांगतात, पण सुनेच्या ताटाकडे बघून. रामबामांचं मला धंद्यात उपयोगी पडलेलं वाक्य मात्र वेगळंच: एका माणसाला एकदम हजार नाणी दिल्याने हात देता होत नाही, हजार वेळा एकेक नाणं दिल्याने होतो. सवयीबद्दल याहून जास्त काही मला आजवर कळलेलं नाही.

२००९ मध्ये नोकरी सोडली आणि नर्सिंग ब्युरो काढला. जोडीदारीण माझ्याच बॅचची, कोट्टयमकडची ख्रिश्चन. ती रविवारी चर्चला जायची, मी शनिवारी शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, पाळायची. पहिल्याच दिवशी ठरलं: शनिवारचा फोन तिच्याकडे, रविवारचा माझ्याकडे. भागीदारीचा करार आम्ही वकिलाकडून करून घेतला, पण खरा करार हा. धंद्यात जोडीदार घेताना त्याच्या सुट्टीचा वार आधी विचारा, भांडवल नंतर.

भांडवल म्हणजे तरी काय होतं? दोन अल्फा बेड, म्हणजे पंपाच्या हवेच्या गाद्या, कफ ओढायचं एक सेकंडहँड सक्शन मशीन, स्टीलचा ड्रेसिंग ड्रम, आर्टरी फोर्सेप, किडनी ट्रे आणि आमच्या ट्यूटर सिस्टरांनी निवृत्त होताना दिलेलं पाऱ्याचं बीपी यंत्र. ते यंत्र अजून आहे. कपाटात आहे, वापरात नाही, पण हलवलं की पाऱ्याचा जड डुलका हाताला लागतो तो मला आवडतो. अल्फा बेडबद्दल एक सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. तो लावला म्हणजे बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होणार नाहीत, असं घरचे धरून चालतात. नळी गादीखाली दुमडली की पंप नुसता घूं घूं करत राहतो आणि हवा कुठेच जात नाही. दर दोन तासांनी कूस बदलायचीच. गादीखाली तळवा घालून बघा, पेशंट टेकतोय का ते कळतं.

आमचे पहिले मोठे गिऱ्हाईक नौपाड्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला सिस्टर. त्यांच्या मिसेसना पक्षाघात, रायल्स ट्यूबवर, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीवर, फीड, दोन शिफ्टच्या सिस्टर. बाईंची तब्येत आम्ही सांभाळत होतो, पण खचत चालले होते सर. रात्री चार-चार वेळा उठायचे, तेही ताडकन. एकदा पहाटे चक्कर येऊन पडले, भुवईला तीन टाके. त्यांना मी सकाळचं 'मोदा आनी' सांगितलं, बाईने म्हणायचं तसं. पुरुषांनी 'मोदे आनी' म्हणायचं. डोळे उघडल्याबरोबर, अंथरुणातच म्हणायचे कृतज्ञतेचे दोन शब्द. त्यात देवाचं नाव नाही, त्यामुळे हात न धुताही चालतं. मी म्हटलं, सर, तुम्ही तुमचं जे असेल ते म्हणा, फक्त पाय खाली सोडून खाटेच्या कडेला बसून म्हणा आणि मगच उठा. म्हाताऱ्या माणसाचं बीपी उठताना घसरतं. ती दोन मिनिटं तिथे खर्ची पडली पाहिजेत. सर म्हणाले, "आमच्यात कराग्रे वसते आहे की." म्हटलं, मग तेच. त्यानंतर ते पडले नाहीत.

त्यांच्यामुळेच सवयींचे वर्ग निघाले. सांभाळणारा आजाऱ्याच्या आधी आडवा होतो, हे आम्ही घरोघर बघत होतो. वर्गासाठी मी एक वही केली. ती कल्पना माझी नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगते. आताच्या युक्रेनमधल्या सातानोवचे ज्यू विद्वान मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी १८०८ मध्ये 'हेश्बोन हानेफेश', म्हणजे जिवाचा जमाखर्च, छापलं. त्यांनी तरी ती रीत बेंजामिन फ्रँकलिनकडून उचललेली. तेरा गुण, एका आठवड्याला एक, रोज रात्री चौकटीत चुकल्याचा ठिपका. तेरा आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून, वर्षात चार फेऱ्या. मी त्यातला 'धीर', 'टापटीप', 'मौन' हे ठेवले आणि बाकीचे घरात रुग्ण असलेल्यांना झेपतील असे केले: वेळेवर लघवीला जाणे, बसून जेवणे, भेटायला आलेल्याला थांबू देणे. शेवटचंही तालमुदातलंच. आजाऱ्याला भेटायला येणारा त्याच्या दुखण्याचा साठावा भाग घेऊन जातो म्हणे. तिथल्याच एकाने लगेच विचारलं, मग साठ माणसं आणून उभी करा, बरा होईल! उत्तर आलं: प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा नेतो. असलं गणित करणारी माणसं मला आवडतात. सरांनी वहीत स्वतःच्या हाताने चौदावी ओळ घातली, 'जावयाबद्दल न बोलणे', आणि तिथे कधीच ठिपका कमी पडला नाही.

आता तो. ड्युट्या लावायला आम्ही ठेवलेला मुलगा, तीन वर्षं आमच्या खुर्चीत बसला. हुशार होता, नाकारत नाही. २०१७ च्या जूनमध्ये, एका सोमवारी सकाळी आठच्या चेंजला तेवीसपैकी चौदा सिस्टर आल्याच नाहीत. फोन बंद. दहाला पहिलं गिऱ्हाईक ओरडायला लागलं, साडेदहाला कळलं. ड्युटी रजिस्टरचे फोटो काढून त्याने सगळे पत्ते नेले होते, प्रत्येक घरी शिफ्टमागे दोनशे रुपये कमी सांगितले होते, सिस्टरांना अॅडव्हान्स दिला होता. आणि घरोघर एक वाक्य पेरलं होतं: "त्यांचा शनिवारी फोन लागत नाही, तुमच्या पेशंटला काही झालं तर?" हे धडधडीत खोटं. आठ वर्षांत शनिवारचा एक फोन चुकला नव्हता, जोडीदारणीने एकदा स्वतःच्या भाचीच्या लग्नातून उठून रायल्स ट्यूब बदलली होती. शिवाय जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा, ही परवानगी नाही, आज्ञा आहे. पण पाटीवर 'बंद' लिहिलेलं, आणि लोक पाटी वाचतात.

ते पाच आठवडे मला दिवसागणिक आठवतात. जोडीदारीण ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे गळ्यातून श्वासाची नळी घातलेल्या, पेशंटकडे नाइटला, मी दिवसा दोन घरी. सक्शन कॅथेटर खिशात, डब्यात कालचं वालाचं बिरडं. अकरा घरं गेली. एका घरी मी स्वतः हिशेब द्यायला गेले तर दार अर्धंच उघडलं. पगाराचे पैसे नव्हते. राहिलेल्या नऊ जणींना मी तसं समोर बसवून सांगितलं, त्यातल्या दोघी आणखी गेल्या. भाऊ म्हणाला, शनिवार उघड, देव काही म्हणणार नाही. मावशीकडची सगळी इस्रायलमधल्या दिमोनाला गेली आहेत, ती तिकडून फोनवर म्हणाली, इकडे ये, नर्स कुठेही लागतात. मी शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावले, सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी, नेहमीसारखे, आणि पंचवीस तास झोपले. धर्मनिष्ठा वगैरे म्हणू नका. उभं राहवत नव्हतं. पण त्या झोपेनंतरच्या रविवारी मला पहिल्यांदा सुचलं की कुणाकुणाला फोन करायचा.

पहिला फोन करायच्या आधी सर आले. त्यांनाही तो भेटला होता, दोनशे कमी सांगून. सरांनी त्याला चहा पाजून परत पाठवला होता. टेबलावर तीन महिन्यांचा चेक ठेवला आणि म्हणाले, "सिस्टर, तुमचा शनिवार बंद असतो म्हणून तर तुमच्या सिस्टर सोमवारी ताज्या असतात." हे तितकंसं खरं नव्हतं, माझ्या सिस्टर शनिवारी ड्युटीवरच असायच्या. मी तेव्हा काही बोलले नाही. पण ते मनात रुतलं, आणि त्या वर्षापासून प्रत्येक सिस्टरला आठवड्यातून एक पूर्ण दिवस पगारी सुट्टी आहे, तिला हवा तो वार. इतर ब्युरोवाले मला वेडी म्हणतात. माझ्याकडच्या सिस्टर टिकतात, त्यांच्याकडच्या बदलतात. त्यांनी आपापलं रजिस्टर काढून बघावं.

त्या मुलाने पुढे माझी वहीही उचलली. सात दिवसांची केली, गुळगुळीत कागदावर, वर 'शालोम' आणि नऊ फांद्यांच्या दिव्याचं चित्र. नऊ फांद्यांचा दिवा हनुक्का या आमच्या दिव्यांच्या सणाचा, जेरुसलेमच्या मंदिरातला दिवा, मेनोरा, सात फांद्यांचा; निदान चोरताना तरी विचारायचं. लेफिनचं नाव नाही, लघवी तर साफ गायब. तिच्यावाचून त्या वहीत राहिलं काय?

आपल्यातही बोलणारे निघाले. टेंभी नाक्याजवळच्या १८७९ च्या आमच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारलं, बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, विकतेस का? मी म्हटलं, अंकल, बेराखा फुकट, मी पैसे घेते ते शेजारी बसण्याचे. ते अजून नीट बोलत नाहीत.

पुढची वर्षं बरी गेली. लॉकडाउनमध्ये सोसायट्या सिस्टरांना गेटवरच अडवायच्या, तेही निभावलं. एलियाहू हानबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावाचा, मलिदा नवस बोलले होते तो २०१९ ला केला: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, फळं. सर आले, मिसेस गेल्यावर पहिल्यांदाच कुठे बाहेर पडले होते. जोडीदारीण आता कोट्टयमला असते. शनिवारचा फोन कळव्याच्या एका सिस्टरकडे आहे, तिची सुट्टी मंगळवारी.

गेल्या महिन्यात पाटी गंजली म्हणून रंगवायला दिली. पेंटर म्हणाला, मॅडम, नवीन मोबाइल नंबर मोठा काढायचा तर एक ओळ कमी करावी लागेल, 'शनिवारी बंद' काढू? मी म्हटलं, नंबर बारीक काढ.