मोठ्या झूमला कुठली बॉडी? आधी तोलाचा हिशोब

लांब पल्ल्याची झूम लेन्स घेतली की बॉडीबद्दलचा (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याबद्दलचा) पुढचा सल्ला ठरलेलाच असतो: "आता बॉडी जरा जड घे, तोल साधेल." सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण त्यामागचा हिशोब सहसा कोणी करत नाही.

सोनीची २००-६०० मिमी झूम घ्या. कॉलरशिवाय (म्हणजे लेन्सभोवतीच्या, ट्रायपॉडला जोडायच्या कड्याशिवाय) २,११५ ग्रॅम. तिचा गुरुत्वमध्य माउंटच्या (लेन्स बॉडीला जोडते त्या जागेच्या) १२ सेंमी पुढे आणि बॉडीचा अडीच सेंमी मागे आहे असं ढोबळमानाने धरू. ५०० ग्रॅमची बॉडी लावली तर दोन्हींचा मिळून तोल माउंटच्या सव्वानऊ सेंमी पुढे येतो. ९०० ग्रॅमची लावली तर पावणेआठच्या आसपास. म्हणजे ४०० ग्रॅम जादा वाहून हाती आला दीड सेंमी! आणि दोन्ही वेळा तोलाचा बिंदू लेन्सच्या नळीवरच राहिला, म्हणजे भार डाव्या हातावरच. त्या हातावर आता अडीचऐवजी तीन किलो.

लेन्स दीड किलोच्या वर गेली की वजन डावा हातच पेलतो. उजव्या हाताकडे तीन कामं उरतात: कॅमेरा सरळ धरणं, नेम साधणं आणि बटणं दाबणं. ही कामं करताना तो हात सैल राहतो का, बॉडी निवडताना एवढंच बघायचं. कॅननच्या आरएफ १००-४०० सारख्या ६३५ ग्रॅमच्या लेन्सची गोष्ट वेगळी. तिथे ४२९ ग्रॅमची आर १० लावली तरी सगळं मिळून किलोच्या थोडंच वर जातं आणि एका हातातही चालून जातं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ग्रिप (बॉडीचा उजव्या हाताने धरायचा उंचवटा) आणि लेन्सची नळी यांच्यामधली फट. किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी लहान लेन्स) लावून बॉडी हातात घेतली तर ही फट भरपूर वाटते. जाड झूम लावली की मधल्या आणि अनामिकेच्या पेरांची हाडं नळीला घासू लागतात. अरुंद बॉडीवर हा त्रास जास्त, हातमोजे घातले तर आणखी. यावर पट्टी किंवा कव्हर लावून काही साधत नाही, कारण जागाच नसते. कधी कधी दोष फक्त कॉलरच्या स्क्रूचा असतो. मग कॉलर फिरवून स्क्रू डाव्या बाजूला नेला की बोटं मोकळी होतात. म्हणून बॉडी बघायची ती स्वतःची लेन्स लावूनच. दुसऱ्या लेन्सवरून केलेला अंदाज इथे उपयोगाचा नाही.

ग्रिपची खोली म्हणजे बोटांची टोकं आत कुठे टेकतात ते. ग्रिप उथळ असेल तर बोटं गुंडाळली जायच्या आधीच टोकं बॉडीवर आपटतात आणि कॅमेरा अंगठा व बोटं यांच्या चिमटीत धरावा लागतो. तासाभराने अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो तो यामुळे. दोष लेन्सच्या वजनाला दिला जातो, खरा दोषी ग्रिप. बॉडी लहान म्हणजे ग्रिप वाईट असंही नाही. निकॉनची झेड ५० बॅटरी आणि कार्डासकट ४५० ग्रॅम आहे, पण तिची ग्रिप चांगली खोल आहे. सोनीने पूर्ण फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) बॉडींत ए ७ आर ४ पासून, म्हणजे २०१९ पासून, ग्रिप सुधारली. त्याआधीच्या ए ७ मालिकेतली जुनी बॉडी घ्यायची तर हे ध्यानात असू द्या.

करंगळी बॉडीखाली लोंबकळत असेल तर खाली जोडायची पातळ ग्रिप किंवा जाडसर प्लेट पुरते, १० ते १५ मिमी उंची मिळाली तरी करंगळीला टेकायला जागा होते. बॅटरी ग्रिप हा उपाय बरेच जण सुचवतात. मला तो उभ्या फ्रेमपुरताच पटतो. एक तर ती रिकामी असतानाच साधारण तीनशे ग्रॅमची असते, वर दुसरी बॅटरी. आणि कॉलर असलेल्या लेन्सवर उभी फ्रेम घ्यायला लेन्स कॉलरमध्येच फिरवता येते. शिवाय बॅटरी ग्रिप सगळ्या बॉडींना बसतही नाही. कॅनन आर ७ ला बॅटरी ग्रिपची सोयच नाही.

आता अंगठा. लांब झूमवर बहुतेक जण फोकस मागच्या एएफ-ऑन (ऑटोफोकस चालू करणाऱ्या) बटणावर ठेवतात आणि शटर बटण फक्त फोटोसाठी. यासाठी अंगठा त्या बटणावर सरळ पडला पाहिजे. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून, न बघता, अंगठा एएफ-ऑनवरून फोकस बिंदू हलवायच्या जॉयस्टिकवर आणि परत न्या. पकड हलली तर बॉडी तुमच्या हाताची नाही. काही बॉडींना जॉयस्टिक नसतेच: सोनी ए ६७०० आणि ए ७ सी २, कॅनन आर ८, निकॉन झेड ५०. तिथे फोकस बिंदू हलवायला चार दिशांची बटणं किंवा स्क्रीनवर बोट फिरवणं हेच पर्याय. पक्षी ओळखणारा ऑटोफोकस चालू असला की जॉयस्टिकची गरज कमी भासते हे खरं, पण फांद्यांच्या जाळीत बसलेला पक्षी आला की फोकस पुढच्या काडीला धरतो आणि मग बिंदू हाताने हलवण्यावाचून गत्यंतर नसतं. कॅनन आर १० लहान आणि हलकी असूनही तिला जॉयस्टिक आहे, म्हणून हलक्या झूमबरोबर मी तिला झुकतं माप देईन.

व्ह्यूफाइंडर कुठे आहे तेही बघा. ए ६७०० आणि ए ७ सी २ मध्ये तो डाव्या कोपऱ्यात असतो. रस्त्यावरच्या फोटोंना तो सोयीचा, नाक स्क्रीनला लागत नाही. पण ६०० मिमीवर उडता पक्षी शोधताना डोळा आणि लेन्स एका रेषेत असले तर नेम पटकन लागतो. मधोमध व्ह्यूफाइंडर असलेली बॉडी इथे सरस. सरावाने कोपऱ्यातलाही जमतो, पण सुरुवातीला बरेच पक्षी निसटतील. चष्मा असेल तर आयपॉइंटचा (डोळा व्ह्यूफाइंडरपासून किती दूर ठेवून पूर्ण फ्रेम दिसते त्याचा) आकडा तपासा: निकॉन झेड ८ चा २१ मिमी, सोनी ए १ चा २५. आकडा जितका मोठा तितके चष्म्यातून फ्रेमचे कोपरे सहज दिसतात.

बॉडीतल्या स्थिरीकरणासाठी (हाताचा कंप भरून काढायला सेन्सर हलवण्याच्या सोयीसाठी) जास्त पैसे मोजू नका, निदान झूममध्ये स्वतःचं स्थिरीकरण असेल तर. ६०० मिमीवर कॅमेरा अर्धा अंश हलला की सेन्सरवरची प्रतिमा साधारण ५ मिमी सरकते. तेवढं मागे धावणं सेन्सरला कठीण, म्हणून लांब लेन्सवर मुख्य काम लेन्समधली काचच करते. कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती गोल फिरला तर मात्र लेन्स काही करू शकत नाही, तिथे बॉडीचं स्थिरीकरण कामी येतं. विषय हलता असेल तर दोन्ही स्थिरीकरणांचा विचार सोडा आणि शटर वेग वाढवा.

जुनी डीएसएलआर (आरशाच्या कॅमेऱ्याची) लेन्स अॅडॉप्टरने लावणार असाल तर तोल आणखी पुढे जातो. निकॉनच्या एफटीझेडने ३०.५ मिमी, कॅननच्या ईएफ-ईओएस आर ने २४. पहिल्या एफटीझेडला खाली ट्रायपॉडचा पाय आहे, तो बोटांना आणि उभ्या ग्रिपला अडतो. २०२१ च्या एफटीझेड २ मध्ये तो काढून टाकला.

झूम करताना लांब होणारी लेन्स असेल (कॅनन आरएफ १००-५०० तशी आहे) तर ती पूर्ण आखूड आणि पूर्ण लांब अशी दोन्ही वेळा हातात धरून बघा. आखूड असताना छान वाटणारी जोडी पूर्ण लांबीवर नाक खाली करते आणि डावा हात पुढे सरकवावा लागतो. निकॉनची १८०-६०० आणि सोनीची २००-६०० झूम करताना लांब होत नाहीत, त्यामुळे हाताची जागा एकदा ठरली की ठरली.

तपासायची रीत सोपी आहे. लेन्स लावा, कोपर बरगडीला टेकवा, पाच मिनिटं डोळा न काढता दूरचा एखादा बिंदू धरून ठेवा. मग उजव्या हाताची बोटं एकेक करून सैल सोडा. कॅमेरा जागचा हलला नाही तर ग्रिप योग्य आहे, वाकडा झाला तर उजवा हात वजन उचलत होता.

आणि पट्टा. बॉडीच्या कड्यांना लावून दोन किलोची लेन्स लोंबवली की सगळा ताण माउंटवर येतो. पट्टा कॉलरच्या पायाला किंवा लेन्सवरच्या कड्यांना लावा, आणि चालताना हातात धरायचं तर पायाला धरून. कॉलरचा स्क्रू मात्र आधी घट्ट करा, नाहीतर सगळं फिरून बॉडी तुमच्याच पायावर आदळते.