उघडीप मिळाली की भिंत ओली

“पाऊस कोसळत असतो तेव्हा एवढी ओल नसते. दोन दिवस उघडीप मिळाली, ऊन पडलं, की वाढते.” गोरेगावच्या त्या डबिंग स्टुडिओतला साउंड रेकॉर्डिस्ट हे महिनाभर सांगत होता. कुणी ते मनावर घेतलं नव्हतं, कारण गळती म्हटलं की पाऊस, हे मुंबईत ठरलेलंच.

ओलीचं कारण शोधायला मला बोलावलं तोवर प्रकरण हातघाईवर आलं होतं. रेकॉर्डिंग रूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवरचं जिप्सम बोर्ड खालच्या बाजूने फुगलेलं, कडेला काळी बुरशी, खोलीत कुबट वास. वॉटरप्रूफिंगवाल्याने बाहेरून लेप मारून झाला होता. सोसायटीने वरच्या मजल्यावरच्या काकूंना नोटीस दिली होती आणि त्यांच्या बाथरूमची फरशी फोडून झाली होती. मी जिन्यात भेटले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. “अहो, दोन दिवस बाथरूम बंद ठेवलं, थेंब सांडला नाही, तरी यांची भिंत ओलीच. आता आणखी काय फोडू?”

सुतारदादांना गुडघ्याच्या उंचीवर बोर्डाचा एक चौकोन कापायला सांगितलं. बोर्डाच्या मागे पॉलिथीनचा कागद, त्याच्यामागे ग्लास वूल, म्हणजे आवाज शोषणारा काचतंतूंचा थर, मग प्लास्टर आणि नऊ इंची विटेची भिंत. कागद हलकेच सोडवला. त्याची खोलीकडची बाजू कोरडी होती. ग्लास वूलकडची बाजू बारीक थेंबांनी गच्च भरलेली, जिथे हात जाईल तिथे सारखीच. वूल स्वतःच्या वजनाने खाली बसलं होतं, मुठीत दाबलं तर पाणी निघालं. खालच्या पत्र्याच्या चॅनेलमध्ये पाणी साचून गंज चढला होता.

गळती वाट सोडते. वरून ओघळ येतो, डाग पडतो, प्लास्टरवर पांढरा खार फुटतो. इथे यातलं काहीच नव्हतं. कागदावरचे थेंब सिरिंजने गोळा करून टीडीएस पेनने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या पेनने मोजले, आकडा एसीच्या ड्रेनच्या पाण्याएवढाच आला. तेही हवेतल्या बाष्पाचंच पाणी. चुना आणि सिमेंटमधून झिरपलेलं पाणी इतकं स्वच्छ राहत नाही. हे पाणी नळाचं नव्हतं, थेट पावसाचंही नव्हतं. ते बाष्पाचं होतं.

संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात हेच कागदावर मांडलं. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतल्या बाष्पाचा दाब सुमारे ३६०० पास्कल. आत एसीने २२ अंश आणि ५० टक्के राखले तर जेमतेम १३००. म्हणजे बाष्प रात्रंदिवस बाहेरून आत ढकललं जातं. त्याला वाटेत कोण अडवतं, हे साहित्याच्या रोधावर ठरतं. स्थिर हवेचा रोध १ धरला, तर ग्लास वूलचाही जवळपास १, विटेचा साधारण १०, पॉलिथीनचा लाखाच्या घरात. बाष्प वीट आणि वूल ओलांडून येतं आणि नेमकं थंडगार प्लास्टिकवर अडकतं. बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली बाष्पाचं पाणी होतं ते तापमान, २७ अंश, प्लास्टिक २३ च्या आसपास. पाणी होणारच.

“मग कागद लावलाच कशाला?” सेक्रेटरींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. थंड देशांत घर आतून तापवतात, बाष्प आतून बाहेर जातं, म्हणून तिथे बाष्परोधक कागद खोलीच्या बाजूला लावतात. नियम आहे तो उबदार बाजूचा. मुंबईत एसीच्या खोलीची उबदार बाजू म्हणजे बाहेरची भिंत. थंड देशांतलं ड्रॉइंग जसंच्या तसं उचलताना हा एवढा विचार झाला नाही, आणि त्याची किंमत वरच्या काकूंनी मोजली. याचा मला फार राग आला, अजूनही येतो.

आता रेकॉर्डिस्टची उघडीप. हेल्मुट ग्लासर यांनी १९५८-५९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने असा हिशोब आजही करतात, पण तिच्यात पावसाने भिजलेली वीट आणि ऊन येत नाही. पश्चिमेची भिंत पाणी पिऊन बसते. दुपारी ऊन लागून वीट ४० अंशांवर गेली की तिच्यातल्या बाष्पाचा दाब ७००० पास्कलच्या वर जातो. ते सगळं आत सुटतं. बाहेरचा लेप लावतानाच भिंत ओली होती, त्यामुळे आतलं पाणी बाहेर सुकायची वाटही कमी झाली. त्या रेकॉर्डिस्टचं निरीक्षण तंतोतंत खरं होतं, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं.

वूल, कागद, चॅनेल सगळं काढलं. भिंत सुकू दिली. यात घाई करून चालत नाही. मग बाष्प अडवणारी फॉइल लावलेली पीआयआर शीट, म्हणजे कडक फोमची उष्णतारोधक लादी, प्लास्टरला पूर्ण चिकटवून, सांधे फॉइल टेपने बंद केले. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक भरलं, कारण फटीतून शिरणारी हवा झिरपणाऱ्या बाष्पापेक्षा कितीतरी जास्त पाणी आणते. आवाजासाठी लागणारं ग्लास वूल शीटच्या आतल्या बाजूला आलं, त्यावर कापडी पॅनेल. प्लास्टिक नाही.

काकूंची नोटीस मागे घेतली गेली, फरशीचा खर्च स्टुडिओच्या मालकांनी दिला. आर्किटेक्टने त्याच रात्री ठाण्यातल्या दुसऱ्या एका स्टुडिओचं ड्रॉइंग मला पाठवलं. तिथेही कागद खोलीच्याच बाजूला दाखवला होता. बोर्ड अजून लागले नव्हते.