तुम्ही विचारलंत म्हणून: विजयाचं तेल ‘अगदी थोडं’ घेतलं तर?

“झोप लागत नाही, डोकं शांत होत नाही. विजयाचं तेल अगदी थोडं घेतलं तर चालेल का?” ठाण्यात हा प्रश्न मला सतत विचारला जातो. थोडं म्हणजे किती मिलिग्रॅम हे सांगता येत असेल, तर वैद्यांशी जरूर बोला. सांगता येत नसेल, तर घेऊ नका.

विजया म्हणजे भांगच. औषधांच्या नियमांत ती अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या द्रव्यांत येते. गांजा आणि चरस वेगळे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ते थोडे बाळगणंही गुन्हा आहे. भांगेची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो.

सगळ्यात मोठी गफलत बाटलीच्या लेबलवर होते. ‘विजया अर्क १००० मिग्रॅ’ लिहिलेलं असतं आणि लोक तोच डोस धरतात. अर्क म्हणजे टीएचसी नव्हे. टीएचसी हा भांगेतला एक घटक, नशा त्यानेच येते, म्हणून त्याचा आकडा वेगळा विचारा. समजा १० मिलीच्या बाटलीत टीएचसी एकूण १०० मिग्रॅ आहे. मग १ मिलीत १० आणि ०.१ मिलीत १ मिग्रॅ. हे थेंबांनी मोजू नका, कारण तेलाचा थेंब ड्रॉपरप्रमाणे लहानमोठा पडतो. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज घ्या, तिच्यावर ०.१ ची खूण असते.

महाशिवरात्रीला कौपिनेश्वराचं दर्शन घेऊन घरी घोटलेल्या थंडाईत हा हिशोब जमतच नाही. पानाचा जोर झाडागणिक बदलतो, तापवल्यावर टीएचसी वाढतं आणि वाटलेला गाळ तळाला बसतो. पहिला पेला मवाळ, शेवटचा जबर.

वैद्यांनी परवानगी दिली तर सुरुवात रात्री जेवणानंतर १ मिग्रॅ टीएचसीने करावी आणि तीन रात्री तेवढंच ठेवावं. फरक नसेल तर त्यांना विचारून अर्ध्या मिग्रॅने वाढवावं. २.५ च्या पुढे त्याला ‘अगदी थोडं’ म्हणता येत नाही. जास्त म्हणजे जास्त शांत, असंही नाही. २०१७ साली शिकागोत झालेल्या एका प्रयोगात ७.५ मिग्रॅने ताणाचा त्रास लवकर ओसरला, १२.५ घेतलेल्यांचं मन मात्र उलट बिघडलं.

गिळलेल्या तेलाचा असर यायला अर्धा तास ते दोन तास लागतात, तुपकट जेवणावर आणखी उशीर होतो. “काहीच होत नाही” म्हणून तासाभरात दुसरा डोस घेतला की दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, भीती वाटते. त्या रात्री दुसरा डोस नाहीच. असर सहा-आठ तास राहतो. सकाळी डोकं जड असेल तर घोडबंदर रोडला दुचाकी काढू नका. नशेत गाडी चालवण्याचं कलम दारूपुरतं नाही.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त यामुळे जास्त पातळ होऊ शकतं. झोपेच्या गोळ्या किंवा दारूसोबत तर नकोच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, पंचविशीच्या आतली मुलं, हृदयविकाराचे रुग्ण, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असलेले लोक, यांना माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. बाटली कुलपात ठेवा. लहान मुलाने चाटलं तर वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि काय खाल्लं ते लपवू नका.

रोज घेतलं की तोच डोस हळूहळू पुरेनासा होतो. बंद केल्यावर काही रात्री झोप आणखी बिघडते, स्वप्नं फार पडतात. बरेच जण इथेच घाबरतात आणि जुना त्रास परतला समजून डोस दुप्पट करतात. ती झोप भांग सोडल्यामुळे बिघडलेली असते. एक-दोन आठवडे थांबा आणि वैद्यांना कळवा.