भाग ‘ब’

सांगलीच्या जिल्हा न्यायालयात पोक्सोचे, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे, खटले सरकारतर्फे चालवताना आलेला हा अनुभव आहे. मुलीची ओळख पटेल असा कोणताही तपशील मी देत नाही, कारण कायद्याचे तसे बंधन आहे आणि माझेही.

इंटरनेटवरील बाललैंगिक शोषणाच्या सामग्रीची खबर देणाऱ्या अमेरिकेतील टिपलाइनची सूचना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत जिल्ह्याच्या सायबर पोलिसांपर्यंत आली आणि आरोपीचा मोबाइल जप्त झाला. मुलीची साक्ष आधीच झाली होती. आरोपी तिला दिसणार नाही अशी व्यवस्था होती आणि पोक्सोच्या कलम ३३ प्रमाणे प्रश्न न्यायाधीशच विचारत होते. तरीही तिने चार वेळा पाणी मागितले, हे मला अजून आठवते.

त्या दिवशी तपास अधिकाऱ्यांची उलटतपासणी होती. बचावाच्या वकिलांनी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे, मोबाइलसारख्या साधनातील डिजिटल पुराव्यासोबत द्यायचे प्रमाणपत्र हातात घेऊन विचारले, “भाग ‘ब’ कुठे आहे?” १ जुलै २०२४ पासूनच्या नमुन्यात भाग ‘अ’ साधन ताब्यात असणाऱ्याने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो. आमच्याकडे फक्त ‘अ’ होता. कागदपत्रे तपासताना ही उणीव माझ्याही नजरेतून सुटली होती, याची मला लाज वाटली. खोतकर प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाचा आधार घेऊन मी प्रमाणपत्र नंतर दाखल करण्याची परवानगी मागितली आणि न्यायालयाने ती दिली.

बाहेर मुलीची आई उभी होती. “मॅडम, पोरीला परत आणायला लागंल का?” मी नाही म्हणाले.

निर्भया निधीतून केंद्राने सायबर प्रयोगशाळा आणि पोलीस, सरकारी वकील व न्यायाधीश यांच्या प्रशिक्षणासाठी राज्यांना १३१.६० कोटी रुपये दिले आहेत. प्रयोगशाळा हवीच, पण तो पैसा ठाण्यातल्या, नवा नमुना कधीच न पाहिलेल्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे आणि मार्गदर्शन मराठीत, मुद्देमालाच्या खोलीत भिंतीवर लावता येईल इतके थेट असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. एका कोऱ्या रकान्यामुळे मुलीची साक्ष वाया जाण्याची वेळ कोणावर येऊ नये.

प्रयोगशाळेतून भाग ‘ब’ आला त्या संध्याकाळी पैरवी हवालदार (न्यायालयातील कामकाज पाहणारे पोलीस) ‘अ’ मधील हॅशची, म्हणजे डिजिटल पुरावा बदललेला नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक ओळखीची, चौसष्ट अक्षरे एकेक करून वाचत होते आणि मी ‘ब’ वर बोट ठेवून ती जुळवत होते. शेवटचे अक्षर जुळल्यावर मी त्या आईला फोन लावला.