बारवांचे फोटो आणि त्यांच्याखालची ओळ

रविवार, रात्री

वालूरच्या बारवेतलं, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीतलं, पाणी उतरलं की गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्या नीट दिसतात. पाऊस चांगला झाला की त्यातल्या बऱ्याच पाण्याखाली जातात. हे दोन्ही फोटो मला शेजारी शेजारी लावायचे आहेत. बारवांच्या वेबसाइटसाठी अल्बमचं सॉफ्टवेअर शोधायला बसले तेव्हा पहिली अट हीच लिहून ठेवली. फोनमधली गॅलरी सगळं तारखेनं लावते. मला आधी गाव हवं, गावाच्या आत बारव आणि बारवेच्या आत ऋतू.

बहिणीचा मुलगा नांदेडहून आलाय, शेजारी बसून बघत होता. "मावशी, काय करायलीस एवढं? गुगल फोटोजची लिंक टाक की सरळ." त्याचं म्हणणं चुकीचं नाही. घरातले लग्नाचे, बारशाचे फोटो मीही तिथंच ठेवते. पण तिथले नियम आपल्या हातात नसतात. अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. फ्लिकर ही फोटो ठेवायची वेबसाइट २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीनं घेतली, आणि नंतर फुकट खात्याला १,००० फोटोंची मर्यादा आली. कंपनीनं तिचा हिशोब बघावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण परभणी-हिंगोलीकडच्या बारवांची नोंद मला माझ्याच फोल्डरात हवी आहे. वेबसाइट ही त्या फोल्डराची बाहेर दिसणारी बाजू असावी, एवढंच.

सोमवार

पिविगो लावून पाहिलं. २००२ पासून चालत आलेलं, फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर. सर्व्हरवर पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस लागतो. अल्बमच्या पोटात अल्बम करता येतात, टॅग देता येतात, कुणाला काय दिसावं हे ठरवता येतं. चार जण मिळून फोटो टाकणार असतील, एखादं महाविद्यालय किंवा गावातलं मंडळ असेल, तर मी डोळे झाकून हेच सुचवीन. 'चारठाणा' असा अल्बम केला, आत 'मंदिरं', 'दीपमाळ', 'बारव'. पाचेक मिनिटांत सगळं जागेवर बसलं.

मग ओळी लिहायला घेतल्या. त्या जातात डेटाबेसात. फोटो एकीकडे, ओळ दुसरीकडे. बॅकअप घ्यायचा तर दोन्हींचा घ्यायचा. शिवाय पीएचपीच्या आवृत्त्या बदलत राहतात, आणि अद्ययावत न केलेलं सॉफ्टवेअर उघड्या इंटरनेटवर ठेवणं धोक्याचं असतं. शाळा, परीक्षा, पेपर तपासणी यांत ही राखण मला जमणार नाही. आज जमली तरी दहा वर्षांनी कोण करणार?

बुधवार

आजची नोंद मोठी होणार, कारण खरा मुद्दा आज सापडला.

पिकासा हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर बंद होणार हे गुगलनं २०१६ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, मार्चमध्ये संगणकावरच्या सॉफ्टवेअरचं काम थांबवलं. बहिणीच्या जुन्या हार्ड डिस्कवर त्या काळातले फोटो आहेत, त्यात पिंगळीच्या बारवेचेही. आज ते डिजिकॅम या फोटो लावायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडले आणि प्रत्येकाखाली तिनं तेव्हा लिहिलेली ओळ जशीच्या तशी आली! तिनं केलेले अल्बम मात्र नव्हते. कारण साधं आहे: पिकासा जेपेगची ओळ थेट फोटोच्या फाइलमध्येच लिहायचं. अल्बमची मांडणी मात्र पिकासाच्या स्वतःच्या फाइलींत राहायची, आणि त्या डिजिकॅमनं वाचल्या नाहीत.

मग सॉफ्टवेअर निवडायची कसोटी हीच. ओळ फोटोच्या पोटात लिहिली जाते का? आणि अल्बम दाखवणारं सॉफ्टवेअर ती तिथूनच वाचतं का?

फोटोच्या फाइलमध्ये तीन तऱ्हेची माहिती राहते. एक्झिफ कॅमेरा स्वतः भरतो: तारीख, वेळ, लेन्स, जीपीएस चालू असेल तर अक्षांश-रेखांश. आयपीटीसी ही वृत्तसंस्थांच्या गरजेतून आलेली जुनी पद्धत: मथळा, ओळ, छायाचित्रकार, गाव. आणि एक्सएमपी ही अ‍ॅडोबीनं २००१ मध्ये आणलेली, जास्त मोकळी. मराठीत लिहिणाऱ्यानं यातला फरक ध्यानात ठेवायलाच हवा. आयपीटीसीच्या जुन्या पद्धतीत ओळीला २,००० बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे सहाशे-साडेसहाशे चिन्हांत खेळ आटोपला. एक्सएमपीत ती अडचण नाही. डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये 'माहिती फाइलमध्ये लिहा' हा पर्याय चालू केला की दोन्हीकडे लिहिता येतं, आणि एकाच फोटोला दोन भाषांत ओळ देण्याचीही सोय आहे.

ओळीचं एवढं का लावून धरलंय, तेही लिहून ठेवते. ओळ नसली तर पाच वर्षांनी माझ्या वेबसाइटवर नुसत्या दगडी पायऱ्या दिसतील, कुठल्याही गावाच्या. देवकोष्ठात, म्हणजे मूर्तीसाठीच्या कोनाड्यात, आज मूर्ती नाही, पण पूर्वी कुठली होती असं म्हातारी माणसं सांगतात. बारवेतला गाळ काढायला कोणती पोरं उतरली. पाणी शेवटचं पिण्यासाठी कधी वापरलं. कॅमेऱ्यात यातलं काहीच येत नाही. ते कुणाकडून तरी ऐकायचं असतं आणि त्याच दिवशी लिहायचं असतं. सांगणारी माणसं सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

एक गोष्ट भाच्याला मुद्दाम सांगितली, कारण त्याचे मित्र फोटो पाठवणार आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली माहितीही गळून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते.

गुरुवार

सिगल आणि थम्सअप, दोन्ही तपासले. दोन्ही एकाच जातीचे: फोल्डर दाखवा, ते फिरून लहान चित्रं तयार करतात आणि साध्या एचटीएमएलची पानं बांधून देतात. सर्व्हरवर डेटाबेस नाही, लॉगिन नाही, फोडायला काही नाही. ते चालवायला संगणकावर सिगलला पायथॉन लागतं, थम्सअपला नोड. थम्सअप फोटोतली माहिती एक्झिफटूल या छोट्या सॉफ्टवेअरच्या मदतीनं वाचतं, आणि ते काम चोख होतं. तरी मी सिगलकडे झुकले. त्यात प्रत्येक फोल्डरात एक साधी मजकुराची फाइल ठेवली की तोच त्या अल्बमचा परिचय होतो. हट्ट्याच्या बारवेवर मला दोन परिच्छेद लिहायचेत. ते त्याच फोल्डरात, नोटपॅडमध्येही उघडेल अशा फाइलमध्ये राहतील. उद्या सिगल बंद पडलं तरी फोटो, फोटोतली ओळ आणि हे दोन परिच्छेद जागच्या जागी असतील.

आणखी एक कारण, माझ्या दृष्टीनं फार मोठं. सिगलमध्ये एक सेटिंग बदलली की तयार झालेली वेबसाइट पेन ड्राइव्हवर टाकून इंटरनेटशिवायही उघडते. ज्या गावाची बारव, त्या गावच्या शाळेत नेट असो वा नसो, गुरुजी पेन ड्राइव्ह लावतील आणि पोरं आपल्याच गावची बारव पडद्यावर बघतील.

फोल्डरांची नावं मात्र रोमन अक्षरांत ठेवली. मन खट्टू झालं, पण देवनागरी पत्ता दुसरीकडे चिकटवला की अनेकदा एकेका चिन्हाची टक्क्यांच्या खुणांसकट नऊ-नऊ चिन्हं होतात आणि पत्ता हातभर लांबतो. पानावरचं शीर्षक, परिचय, ओळी सगळं मराठीतच.

शनिवार

आकारमान ठरवलं. फोनचा ४००० बाय ३००० चा फोटो तीन-चार एमबीचा असतो. लांब बाजू १६०० पिक्सेल केली की साधारण ३५० केबीवर येतो, पायरीवरचं छिन्नीचं काम तरीही दिसतं. शेतातून, मोबाइलच्या डेटावर बघणाऱ्याला तेवढं पुरे. मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर; एक माझ्याकडे, एक बहिणीकडे. वेबसाइट सध्या गिटहब पेजेस या वेबसाइट ठेवायच्या सेवेवर ठेवीन. तिथं १ जीबीची मर्यादा आहे, म्हणजे या आकाराचे अडीच हजारांच्या आसपास फोटो सहज मावतील. कमी पडलं तर तेच फोल्डर उचलून दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर ठेवता येईल, एक ओळही बदलावी लागणार नाही.

अक्षांश-रेखांशावर भाच्याशी बराच वाद झाला. त्याला नकाशा हवाय, प्रत्येक फोटोवर टाचणी. माझं मत पक्कं आहे: गावाचं नाव द्यायचं, रस्ता कसा जातो तेही सांगायचं, पण रानात उघड्यावर पडलेल्या सुट्या मूर्तींचा नेमका बिंदू जगाला द्यायचा नाही. मूर्ती चोरीला जातात, आणि गेलेली मूर्ती परत येणं अवघड. वेबसाइटवर जाणाऱ्या प्रतींतून जीपीएस एक्झिफटूलनं काढायचं, मूळ फाइलमध्ये राहू द्यायचं. बारवेपुरती टाचणी चालेल, यावर तो तयार झाला.

वालूर आणि पिंगळी तयार आहेत. चारठाण्याच्या फोल्डरात निम्म्याहून जास्त फोटोंना अजून ओळ नाही, आणि दीपमाळेजवळच्या एका शिल्पाबद्दल गावात दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. दोन्ही लिहायच्या, सांगणाऱ्यांना विचारून. ते झाल्याशिवाय ते फोल्डर वर चढवायचं नाही.