दूध बाधणाऱ्यांच्या मुलखात

कोल्हापुरात जन्मून दूध बाधणं म्हणजे काय, ते कोल्हापूरकरालाच कळेल. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळता कोमट पेला हातात देतात. लहानपणी मी तो मिटक्या मारत प्यायचे. पंधरा-सोळा वर्षांची झाले आणि दूध मानवेनासं झालं. पेला संपला की तासाभरात पोटात गुरगुर, मग कळा. आजी म्हणायची, "पोरगी नाजूकच निघाली बाई." आपल्यात काहीतरी उणं आहे, हे मीही धरूनच चालले होते. यंदा चीनच्या युन्नान प्रांतात बारा दिवस राहून आले, आणि ते मनातून गेलं.

सोबत दुभाषी म्हणून एक मुलगी होती, झेजियांग प्रांतातल्या शाओशिंगची. पहिल्याच सकाळी नाश्त्याला तिनं दोघींसाठी गरम सोयादूध मागवलं. मी भीतभीत विचारलं, गाईचं नाही ना? ती म्हणाली, "गाईचं मला बाधतं. आमच्या घरात सगळ्यांनाच बाधतं." सर्दी होते म्हणावं, इतक्या सहजपणे सांगितलं तिनं.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडायला लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लागतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं, अंगावरचं दूध सुटल्यावर हळूहळू आटतं. जगातल्या जवळजवळ दोन तृतीयांश मोठ्या माणसांची हीच गत आहे आणि चीनमधल्या हान लोकांत तर बहुतेकांची. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं गुरं पाळली, त्यांच्यातल्या काहींमध्ये ते मोठेपणीही टिकलं. आपल्याकडे उत्तर-पश्चिमेला अशी माणसं जास्त, दक्षिणेकडे कमी. माझ्या आजीला हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

आमचा पहिला मुक्काम जियानश्वेला होता. जुनं, तटबंदीचं गाव. पश्चिम वेशीबाहेर दगडी काठाची एक मोठी जुनी विहीर आहे आणि इथला टोफू नावाजला तो त्या पाण्यामुळे, असं गावकरी मानतात. जवळच्याच एका कारखान्यात बायका ओळीनं बसल्या होत्या. तळहाताएवढं फडकं पसरायचं, त्यात मऊ टोफूचा लहानसा गोळा टाकायचा, चार कोपरे दुमडून दाबायचं आणि पुढचं फडकं घ्यायचं. मान वर न करता त्यांचे हात चालले होते. वड्या थापणारी माझी मावशी अशीच बसते.

संध्याकाळी ते चौकोनी तुकडे निखाऱ्यांवरच्या जाळीवर फुगत होते. गिऱ्हाइकं बुटक्या स्टुलांवर जाळीभोवती कोंडाळं करून बसलेली. भाजणाऱ्या बाईंना दुभाषी "आयी" म्हणून हाक मारत होती. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी, पण माझ्या कानाला आईच ऐकू यायचं! आयी प्रत्येकाच्या नावानं मक्याचे दाणे मांडत होत्या: एक तुकडा उचलला की एक दाणा. शेवटी दाणे मोजून पैसे. मी चौदा दाण्यांची धनीण झाले. वरून खरपूस, आत पोकळ आणि लुसलुशीत, किंचित आंबूस. सोबत मिरचीची कोरडी पूड.

तिथं बसून मला लातूरकडच्या आमच्या पाहुण्यांची आठवण झाली. त्यांच्या शिवारात सोयाबीन डोलतं. मराठवाडा-विदर्भात ते एवढं पिकतं, पण जातं तेलाच्या आणि पेंडीच्या गिरणीत. एकदा मावशीनं कौतुकानं त्याची उसळ केली आणि रात्रभर घरादाराचं पोट फुगलं. सोयाबीन आहेच तसं. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं असतात, शिवाय आतड्यात वायू धरणाऱ्या साखरा. चिनी स्वयंपाकानं त्यावर केलेली मेहनत बघून मी थक्क झाले. दाणे भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, दूध उकळायचं, नासवून घट्ट करायचं, दाबायचं. उकळण्यात ती अडवणारी द्रव्यं निकामी होतात, साखरा बऱ्याचशा पाण्याबरोबर निघून जातात. आपण डाळीत हिंग घालतो, मटकी भिजवून मोड आणतो, त्यामागेही कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी पोटाचं ऐकलेलं आहे. सोयाबीन आपल्याकडे इतकं उशिरा आलं की ते ऐकायला वेळच मिळाला नाही.

मग तालीला गेलो. एकीकडे चांगशान डोंगर, दुसरीकडे अरहाय सरोवर. इथल्या 'बाय' नावाच्या जमातीचे लोक दुधाची वाळवणं करतात, 'रूशान' म्हणजे दुधाचा पंखा. निखाऱ्यावर शेकून, गुलाबाचा मुरंबा लावून, काडीला गुंडाळून रस्तोरस्ती विकतात. मी घेतलं. दुभाषीनं नाक दाबलं. "शान," ती म्हणाली. मटणाला, दुधाला येणाऱ्या वशाट वासाला त्यांच्याकडे हा खास शब्द आहे. हीच मुलगी आदल्या रात्री शाओशिंगचा नासका टोफू किती चविष्ट असतो ते डोळे मिटून सांगत होती. त्या टोफूच्या गाडीजवळून जाताना मी श्वास रोखला होता. कुणाच्या नाकाला काय सोसेल, तेही घरातच शिकवलं जातं.

दुसऱ्या दिवशी एका खेड्यात रूशान करणाऱ्या आजींकडे गेलो. कढईत आंबट पाणी तापत होतं. आजींनी त्यात वाडगाभर दूध ओतलं आणि काठ्यांनी हलकेच फिरवलं. दूध नासलं, बघता बघता त्याचा चिवट गोळा झाला. तो हातावर दाबून त्यांनी ओढला, लांबवला आणि दोन बांबूच्या काठ्यांवर गुंडाळून वाळत टाकला. बाधणारी साखर बहुतेक खाली निवळीत राहिली होती. आदल्या दिवशी मी दोन पंखे खाल्ले होते आणि रात्रभर शांत झोपले होते.

मी आजींना सांगितलं, आमच्याकडे दूध न सोसणारे ताक पितात. कसं करता, त्यांनी विचारलं. कालचं दही चमचाभर ठेवायचं, ते आजच्या दुधाला लावायचं. दुभाषीनं ते त्यांच्यापर्यंत पोचवलं. आजी उठल्या, कोपऱ्यातल्या मडक्यावरचं झाकण काढलं आणि मला वाकून वास घ्यायला लावला. मागच्या खेपेची निवळी आंबवून ठेवली होती, उद्याच्या कढईसाठी.