सव्वा सेकंदाची नोकरी

अमेरिकन फुटबॉलमधला किकर, म्हणजे लाथेने चेंडू गोलखांबांमधून घालवणारा गडी, हा लग्नातला भटजी. वऱ्हाडात त्याला कुणी विचारत नाही, पण मुहूर्ताला त्याच्यावाचून अडतं.

बर्लिनमध्ये 1956 साली जन्मलेला उवे फॉन शामान शाळकरी वयात आईबरोबर टेक्सासला आला आणि पुढे ओक्लाहोमा विद्यापीठाचा किकर झाला. 24 सप्टेंबर 1977. कोलंबसमध्ये ओहायो स्टेटकडे 28-26 अशी आघाडी, शेवटचे काही सेकंद उरलेले. यजमानांनी टाइमआउट घेऊन त्याला ताटकळत ठेवलं. स्टेडियम ‘किक अडवा’ म्हणून गर्जत होतं, तर हा पठ्ठ्या हातवारे करून त्या गर्जनेलाच ताल देऊ लागला! मग 41 यार्डांवरून किक, तीन गुण. ओक्लाहोमा 29-28.

या 41 यार्डांचा हिशेब गमतीचा आहे. चढाई गोलरेषेपासून 24 यार्डांपर्यंत पोचलेली असली, तरी गोलखांब गोलरेषेच्या मागे 10 यार्डांवर असतात आणि किकसाठी चेंडू धरणारा होल्डर बसतो आणखी 7 यार्ड मागे. तो चेंडू उभा करून वर बोट टेकवतो, शिवणीच्या दोऱ्यांची बाजू गोलखांबांकडे फिरवतो. दोऱ्या पायाकडे राहिल्या तर चेंडू भरकटतो. उजव्या पायाचा किकर तीन पावलं मागे, दोन डावीकडे सरकतो, डावा पाय चेंडूशेजारी रोवतो आणि उजव्या पायाच्या वरच्या बाजूने मारतो. सगळं सव्वा सेकंदात. उशीर झाला की कडेने आलेला गडी अंगावर. शिवाय लांबची किक सपाट मारावी लागते आणि सपाट किक समोरच्यांच्या हाताला लागते. कॉलेजात तेव्हा चेंडूखाली 2 इंचांपर्यंत उंच ठोकळा चालत असे; व्यावसायिक खेळात थेट जमिनीवरून.

पुढे मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघात फॉन शामानला अशा अडवलेल्या किकचा फटका बसला. 2 जानेवारी 1982, सॅन डिएगोविरुद्ध 38-38. शेवटच्या क्षणी त्याची 43 यार्डांची किक सॅन डिएगोच्या केलन विन्स्लोच्या बोटांना लागली. जादा वेळेतली दुसरी लेरॉय जोन्सने अडवली. सामना जिंकवला सॅन डिएगोचा किकर रोल्फ बेनिर्श्केने, त्याचेही वडील जर्मनच! खरं तर अडवलेल्या किकमध्ये किकरपुढची आपलीच फळी कुठे फुटली हे आधी बघायला हवं, पण पाटी किकरच्या नावावर.

1984 मध्ये मायामीच्या डॅन मरिनोने 48 टचडाउन पास दिले, म्हणजे चेंडू गोलरेषेपार पोचवणारे पास. त्यामुळे प्रत्येक टचडाउननंतरच्या किकचा एकेक गुण मारून मारून फॉन शामानने एका मोसमात 66 चा विक्रम केला. तो 2007 पर्यंत टिकला. त्याच मोसमात फील्ड गोल, म्हणजे तीन गुणांच्या किक, मात्र 19 पैकी 9. सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, त्याने तीन मारले, तरी मायामी 38-16 हरली. पुढच्या मोसमासाठी संघाने नवा किकर घेतला: फुआद रेव्हेझ, जन्म कोलंबियातला.